वरातीची घोडी, तिसरीचा वर्ग आणि माळव्याचा पावसाळा : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण शिक्षकांच्या अभ्यासासाठी रचले आहे. यातली शाळा, वर्ग आणि घोडी नकाशावर शोधू नयेत. माळव्याची माती, पाऊस, चाऱ्याचे गणित, घोड्याचे शरीर आणि वॉल्डॉर्फ पद्धतीतली कामाची घडी मात्र खरी आहे. अडचणीही उघड्यावरच्या शाळेत घोडे आणले की हमखास येतात त्याच आहेत.

परिस्थिती

इंदूरबाहेर कंपेलच्या बाजूला एका वॉल्डॉर्फ शाळेचे तीन एकर शेत. त्यावर पत्र्याची लांब पडवी, विहीर, बांधावर कडुलिंब आणि बाभळी, बाकी सगळी काळी माती. तिसरीच्या वर्गात १८ मुले, वय साडेआठ ते साडेनऊ. बहुतेक घरे मराठी. मुले आपसात हिंदी बोलतात आणि बाईंशी मराठी. एक वर्गशिक्षिका, एक मदतनीस ताई आणि घोडीची देखभाल करणारे एक काका, जे पूर्वी लग्नाच्या घोड्यांवर साईस होते.

तिसरीत घोडी का, याला कारण आहे. ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ श्टायनरने १९१९ मध्ये श्टुटगार्टला एका सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी पहिली वॉल्डॉर्फ शाळा सुरू केली. त्याच्या मांडणीनुसार नवव्या वर्षाच्या सुमारास मूल स्वतःला भोवतालच्या जगापासून वेगळे पाहू लागते आणि थोडे भांबावते. म्हणून त्या वर्षी शेती, घरबांधणी आणि मापे हे विषय घेतात. हात कामाला लागले की पाय जमिनीवर येतात, असा त्यामागचा विचार. वयाच्या टप्प्यांचा हा सिद्धान्त प्रयोगाने सिद्ध झालेला नाही, हे पालकांना स्पष्ट सांगावे. पण नऊ वर्षांच्या मुलाला खरे काम द्यावे हा निर्णय त्या सिद्धान्ताशिवायही टिकतो.

या शाळांत सकाळचा मुख्य पाठ दीड ते दोन तासांचा असतो आणि एकच विषय तीन-चार आठवडे चालतो. पाठ्यपुस्तक नसते, मुले आपली पाठवही स्वतः तयार करतात. आज पाहिलेले लगेच लिहायचे नाही. रात्र जाऊ द्यायची, दुसऱ्या दिवशी सकाळी आठवून सांगायचे, मग काढायचे आणि लिहायचे. ही सवय पुढे फार उपयोगी पडली.

घोडी भाड्याची. आषाढी एकादशीनंतर कार्तिकीपर्यंत लग्ने नसतात, वराती बंद होतात आणि घोडीवाल्यांना दाणावैरण अंगावर पडते. त्यामुळे चार महिन्यांसाठी घोडी स्वस्तात मिळते. ही नऊ वर्षांची, कुमेत रंगाची, खांद्याशी १३७ सेंटीमीटर उंच. बँड, फटाके आणि गर्दीतही हलत नाही, म्हणून मुलांसाठी योग्य, असे ठरले. येण्यापूर्वी ग्लँडर्ससाठी रक्त तपासून घेतले होते. हा रोग घोड्यापासून माणसाला होतो, २००९ च्या कायद्यानुसार त्याची खबर देणे बंधनकारक आहे आणि गावोगाव फिरणाऱ्या घोड्यांत त्याचा धोका अधिक असतो. अहवाल निर्दोष आला. इथपर्यंत सगळे बरोबर झाले होते.

काय घडले

जुलैच्या मध्यात ‘शेती आणि मापे’ हा चार आठवड्यांचा पाठ सुरू झाला. रोज पावणेनऊला घोडीला पडवीच्या खांबाला आखूड दोराने बांधायचे आणि सगळ्या वर्गाने सव्वादहापर्यंत तिच्याभोवती काम करायचे. तिघे खरारा करणार, म्हणजे अंग घासून साफ करणार, दोघे अयाळ विंचरणार, बाकीचे दोरीने मापे घेणार, मग पाळी बदलणार. शेवटी प्रत्येकाने तळहातावर गुळाचा खडा ठेवून तिला द्यायचा.

पहिला आठवडा सुरळीत गेला. दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी पाठीवर खरारा फिरताच घोडीने कान मागे पाडले. बुधवारी तिने शेपूट झटकत अंग चोरले. गुरुवारी मान वळवून एका मुलीची बाही दातात धरली. शुक्रवारी तिने पाय उचलला आणि ताईंनी मुलांना बाहेर काढले. शनिवारी पालक आले. ‘बाई, घोडी चावते हो, दुसरी बघा,’ हा बहुतेकांचा सूर होता. काकांचे मत होते की लगाम चढवावा आणि मागचे पाय पिछाडीने बांधावेत, मग ती मुकाट उभी राहील.

पिछाडीचा सल्ला नाकारला हे या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल. कान पाडणे, शेपूट झटकणे, अंग चोरणे, चावायला धावणे आणि लाथ हा चढता क्रम असतो. खालच्या पायऱ्यांवर घोडी सांगत असते. बांधून ती बोलणी बंद केली तर उरते ती फक्त शेवटची पायरी आणि ती पूर्वसूचनेशिवाय येते.

तपास

आधी मुले आणि घोडी वेगळी केली, तीन दिवसांसाठी. मग काकांनी आणि पशुवैद्याने सकाळी, घोडी विसाव्यात असताना तपासणी केली. ताप ३७.९ अंश सेल्सिअस (३७.५ ते ३८.५ ठीक), नाडी मिनिटाला ४० (२८ ते ४४ ठीक), श्वास १४ (८ ते १६ ठीक). म्हणजे पोटदुखी किंवा तापाचे चिन्ह नव्हते.

त्यानंतर कोणतेही साधन न वापरता बोटांच्या टोकांनी पाठ चाचपली. मणक्याच्या दोन्ही बाजूंना, ओल्या केसांखाली, तांदळाच्या कण्या असाव्यात तशा बारीक खपल्या लागल्या. एक उचलली तर केसांच्या झुपक्यासकट निघाली आणि खाली ओली गुलाबी कातडी. हा पावसाळी त्वचारोग, जंतूचे नाव डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस. कातडी सतत ओली राहिली आणि खरचटली की तो आत शिरतो. लग्नसराईत खोगिराने पाठ आधीच घासली गेली होती. ७५ किलोचा नवरदेव आणि सजवलेले १२ किलोचे खोगीर धरले तर ८७ किलो होतात, घोडीच्या सुमारे ३१२ किलो वजनाच्या २८ टक्के. स्वार आणि खोगीर मिळून २० टक्क्यांच्या आत असावेत हा सर्वसाधारण दंडक. त्या नाजूक पाठीवर पहिल्या आठवड्यात उत्साही हातांनी लोखंडी खरारा फिरवला. चकाकी येण्याऐवजी रोज नवे ओरखडे उठले.

खुरांतही सुरुवात झाली होती. तळाच्या मधोमध जो रबरासारखा त्रिकोणी मऊ भाग असतो, त्याच्या खाचांत काळा, कुजका वास येणारा मळ होता. काळी माती पाणी सोडत नाही. पावसात फुगते, खुराच्या पोकळीत घट्ट बसते आणि आत हवा जात नाही. नेमक्या अशाच जागी सडवणारे जंतू वाढतात. मुरमाड जमिनीवर उभे राहणारे घोडे यातून बरेच सुटतात. माळव्यात सुटका नाही.

चाऱ्याची चूक सगळ्यांत अनपेक्षित होती. घोडीला दिवसाला ८ किलो हिरवे गवत, २ किलो गव्हाचा भुसा आणि १ किलो चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मिळत होती. ११ किलो म्हणजे भरपूर, असे वाटते. छातीचा घेर १६० सेंटीमीटर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १४५ सेंटीमीटर. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८० या सूत्राने वजन साधारण ३१२ किलो येते. घोड्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा अंश लागतो, म्हणजे इथे ४.७ ते ६.२ किलो. पावसाळी कोवळ्या गवतात पाणीच ८० टक्के, तेव्हा ८ किलोतून १.६ किलो मिळाला. भुशातून १.८, चंदीतून ०.९. एकूण ४.३ किलो. घोडी अर्धपोटी होती आणि कोणाच्या लक्षात आले नाही.

त्यात वेळेचा घोळ. घोड्याच्या जठरात आम्ल सतत झिरपत असते, खाणे चालू असो वा नसो. चार-सहा तासांहून जास्त काळ तोंडात वैरण नसली तर जठराला त्रास होतो. ही घोडी पहाटे पाचला खाऊन थेट साडेदहानंतर वैरणीला लागत होती आणि मधला दीड तास माणसांच्या गराड्यात. अशा वेळी समोर येणारी एकमेव खाण्याची गोष्ट म्हणजे १८ तळहातांवरचा गूळ. हात म्हणजे गूळ हे समीकरण आठ दिवसांत पक्के झाले आणि रिकामा हात दिसला की ती बाही तपासू लागली. चावण्याचे मूळ बहुतांशी इथे होते.

मुलांनी काय पाहिले

ते तीन दिवस मुलांनी कुंपणाबाहेर बसून घोडी पाहिली. एका वेळी सहा जण, वीस मिनिटे, बोलायचे नाही, वही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवून सांगायचे. बाईंनी एकच अट घातली: ‘ती रागावली’, ‘ती लाजली’ असे म्हणायचे नाही, कान कुठे होते, पाय कोणता उचलला, डोके कोणीकडे होते ते सांगायचे.

तिसऱ्या सकाळी एका मुलाने सांगितले की दुसरीचा वर्ग टाळ्या वाजवत, पाय आपटत पाढे म्हणू लागला की घोडी पुढचे पाय आळीपाळीने उचलते. दुसऱ्या दोघांनी दुजोरा दिला: तेव्हा तिचे कान मागे जातात आणि तोंड आवळलेले असते. ताल धरून पाढे म्हणणे ही वॉल्डॉर्फ वर्गातली रोजची गोष्ट आणि दुसरीच्या मुलांचे मंडल, म्हणजे त्यांचा गोल, पडवीपासून दहा मीटरवर होते. काकांनी ऐकले आणि लगेच ओळखले. ही ढोलावर नाचवलेली घोडी आहे. अशा घोड्यांना तालावर पाय उचलायला छडी आणि काटेरी लगाम वापरून शिकवतात. ताल ऐकला की शरीर पुढचे दुखणे आधीच भोगू लागते. शुक्रवारचा तो पायही पुढचाच होता आणि त्या वेळी पलीकडे सातचा पाढा चालला होता. लाथ नव्हती ती.

बँडपुढे न हलणारी घोडी शांत असते हा समज यामुळे मोडतो. हलण्याची शिक्षा झालेले जनावरही हलत नाही. शांत घोडा ओळखायचा तर सैल दोरावर, गोंगाटाशिवाय पाहावा. मान खांद्याच्या पातळीला येते, खालचा ओठ सैल पडतो, एक मागचा पाय विसावतो, कान वेगवेगळ्या दिशांना फिरतात. गोंगाटात ताठ उभी, डोळे विस्फारलेले, नाकपुड्या आवळलेल्या, असे जनावर मुलांमध्ये आणू नये.

बदल

पाठीला आधी कोरडेपणा दिला. खरारा बंद, घोडी छपराखाली. फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन कापसाने लावायचे, मऊ झालेल्या खपल्या सहज निघतील तेवढ्याच काढायच्या, ओढायच्या नाहीत, मग सुती कापडाने टिपून कोरडे करायचे. हे काम हातमोजे घालून काकांनी करायचे, मुलांनी नाही, कारण हा जंतू माणसाच्या कातडीलाही लागू शकतो. खपल्या जाऊन नवे केस दिसेपर्यंत मुलांचा हात पाठीला लागला नाही. ब्रश, कापड, बादली तिची स्वतंत्र. खूर रोज दोनदा आकड्याने टाचेकडून टोकाकडे साफ करायचे आणि नालबंद दर ६ ते ८ आठवड्यांनी.

चिखलाचा प्रश्न औषधाने सुटत नाही, जमीन बदलावी लागते. पडवीलगत ६ बाय ६ मीटरचा चौथरा केला. वरची माती काढून खाली १० सेंटीमीटर फोडलेला दगड, वर १५ सेंटीमीटर मुरूम. मुरूम हिशेबाने ५.४ घनमीटर, म्हणजे जेमतेम दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दाबल्यावर बसतो म्हणून अडीच मागवावा. दगड सव्वा ब्रास. उतार पन्नासाला एक, म्हणजे सहा मीटरला १२ सेंटीमीटर, आणि खालच्या कडेला चर. उताराकडे दुर्लक्ष केले तर पहिल्या मोठ्या पावसात मुरमाचा चिखल होतो. खालच्या दगडात काटकसर केली तर मुरूम काळ्या मातीत गडप होतो, महिन्याभरात. आखणी मुलांनी केली: आधी स्वतःच्या हाताने आणि वितीने. सगळ्यांचे हात वेगळे, म्हणून चौकोन तिरका आला. मग मीटरची काठी आणली. प्रमाणित माप कशाला हवे हे तिसरीला शिकवायचा यापेक्षा चांगला रस्ता आमच्या पाहण्यात नाही. घोड्याची उंची अजूनही चार इंचांच्या मुठीत मोजतात हेही त्यांना इथेच कळले.

नवा चारा असा: ४ किलो सुके गवत, १० किलो हिरवे, अर्धा किलो भिजवलेले हरभरे आणि जव, २० ग्रॅम मीठ, पाणी सतत समोर. कोरडा अंश सहा किलोंच्या थोडा वर. हा बदल दहा दिवसांत हळूहळू केला, कारण घोड्याच्या मोठ्या आतड्यातले जंतू एकदम बदललेला चारा सोसत नाहीत आणि पोटशूळ उठतो, जो जीव घेऊ शकतो. गवतातले पाणी मुलांनी स्वतः मोजले. एक किलो हिरवे गवत चुलीशेजारी पत्र्यावर वाळवले, रोज तोलले, वजन उतरायचे थांबले तेव्हा काट्यावर सुमारे २०० ग्रॅम उरले. पाठवहीतले ते पान कोणत्याही अपूर्णांकाच्या धड्याला पुरे पडावे. कण्हेर आणि घाणेरी वैरणीत येऊ नये म्हणून दोन्हींच्या पानांची चित्रे मुलांकडून पाठवहीत काढून घेतली. कण्हेरीची थोडी पानेही घोड्याला मारतात.

वेळापत्रक उलटे केले. घोडी पाच, साडेआठ, बारा, पाच आणि रात्री नऊला खाते. वर्गाचे काम त्यात बसवायचे. एका वेळी तीन मुले, वीस मिनिटे, दिवसाला दोन गट. १८ मुलांचे सहा गट, म्हणून प्रत्येकाची पाळी तिसऱ्या दिवशी. आखूड दोर गेला, अडीच मीटरचा दोर आणि मोरखी, म्हणजे तोंडात लोखंड नसलेला मुखपट्टा, आली. दोर खांबाला थेट न बांधता सुतळीच्या कडीत अडकवतात, म्हणजे घोडी बिचकली तर सुतळी तुटते, मान नाही. दोर हाताला गुंडाळायचा नाही, हा नियम मोडला की त्या दिवशी काम नाही. जवळ जायचे ते खांद्याच्या बाजूने, बोलत, कारण अगदी समोर आणि अगदी मागे घोड्याला दिसत नाही. तिने मान फिरवली किंवा दूर सरकली तर गटाने थांबायचे आणि लिदीच्या कामाला जायचे. गूळ हातातून बंद. द्यायचाच तर चंदीबरोबर तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला बांधायच्या दाण्याच्या पिशवीत. पाढ्यांचे मंडल विहिरीपलीकडे साठ मीटरवर गेले.

बाकीची मुले रिकामी बसत नाहीत हे पालकांना दाखवावे लागले. एवढ्या घोडीची रोजची लीद १२ ते १५ किलो भरते. ती गोळा करून तोलायची आणि त्याच दिवशी खताच्या ढिगावर न्यायची. पावसाळ्यात माशीची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते, म्हणून कामाला सुटी नसते. ढीग आतून ५५ अंशांच्या वर तापला तर जंतांची अंडी मरतात. सळई खुपसून हाताला चटका बसतो का, ते काका पाहतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या, तेव्हा शाळाच जनावरांच्या मागे गेली होती. मराठी शिक्षणाला हा विचार परका नाही, आणि पालकसभेत श्टायनरपेक्षा त्यांचे उदाहरण लवकर पटते.

सुरक्षेच्या दोन गोष्टी पालकांकडून करून घेतल्या. घोड्याची लीद आणि माती यांत धनुर्वाताचे जंतू असतात. मुलांची पाच-सहा वर्षांची मात्रा झालेली असते, पुढची दहाव्या वर्षी, आणि तिसरीची मुले नेमकी मधे असतात. म्हणून प्रत्येकाचे लसपत्रक डॉक्टरांना दाखवून आणायला सांगितले. दुसरी, टाच झाकणारे गमबूट, चपला नाहीत. विजेबाबत नियम शाळेने पाळायचा: चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असले की शेत सोडून पक्क्या खोलीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. पत्र्याची पडवी किंवा कडुलिंब हा निवारा नव्हे.

पुढे काय

सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पाठीवर केस आले आणि दोन गट मऊ ब्रशने काम करू लागले. कान पाडणे अजून दिसते, मुख्यतः तंगाच्या, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याच्या, जागी, आणि तिथे मुले हात लावत नाहीत. स्वारी सुरू केलेली नाही. ३१२ किलोच्या घोडीवर खोगिरासह ६२ किलोपर्यंत भार चालतो, त्यामुळे २६ किलोचे मूल जड नाही. पण पाठ एकदा दुखावलेली आहे आणि तिच्या मापाचे खोगीर शाळेकडे नाही. या वर्षी स्वारी नको, असे आमचे मत.

कार्तिकीनंतर घोडी परत वरातीला जाणार, हा करारातला दोष आहे. चार महिन्यांत बरी केलेली पाठ डिसेंबरात पुन्हा घासली जाईल. शाळेपुढे दोन मार्ग आहेत: विकत घेणे, किंवा वर्षाच्या कराराने ठेवून लग्नसराईचे भाडे मालकाला भरून देणे. एकटी घोडी ठेवणेही बरे नाही. घोडा कळपाचा प्राणी आहे, सोबतीला निदान एक म्हातारे तट्टू किंवा गाढव हवे, आणि त्याचा चारा अंदाजपत्रकात आधी धरावा. पुढच्या करारात या अटी असाव्यात: ग्लँडर्सची ताजी तपासणी, महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा तिथल्या तोडीच्या ठिकाणी पाठ, तोंड आणि खुरांची तपासणी, नाचवलेली घोडी नको, आणि शेतावर आल्यापासून पहिले पंधरा दिवस मुलांविना, फक्त चारा, पाणी आणि कोरडी जागा.